गाठी मारलेली रिळं

माझे दाजी शिंपी. थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून कौतुक करत नाही, पण कापडावरून नुसता अंगठा फिरवून ते धुतल्यावर किती आटेल हे ते सांगत आणि सहसा चुकत नसत. उणं एवढंच, की त्यांना तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नसे.

हे फक्त ताईला ठाऊक होतं. लग्नानंतर त्यांनी तिच्यासाठी हौसेने हिरवी शाल आणली आणि म्हणाले, "तांबडा रंग तुला खुलून दिसतो." ताईने शाल मुकाट्याने पांघरली. पुढे ती रिळांच्या टोकांना गाठी मारू लागली. तांबड्याला एक, हिरव्याला दोन. कापडाच्या कोपऱ्याला तितक्याच टाचण्या. दाजी गाठ चाचपून कापून टाकत, संध्याकाळी ताई नवी मारे. गिऱ्हाइकांना वाटे, काय टापटिपीचा माणूस!

मुलगा दुकानात बसू लागला तशी लपवाछपवी जिकिरीची झाली. "बाबा, आता मशीन सोडा," हे त्याचं पालुपद होतंच. त्याला निमित्त तेवढं हवं होतं, आणि मशीनशिवाय दाजी म्हणजे पाण्याबाहेरचा मासा.

लेकीच्या बाळंतपणासाठी ताई तिच्याकडे गेली. इकडे सुनेने हौसेने दुकान आवरलं आणि गुंता समजून सगळ्या गाठी छाटल्या. दाजींच्या बोटांना गाठ लागेना. विचारलं तर बिंग फुटणार. त्यांनी अंदाजाने रीळ उचललं आणि गर्द हिरव्या कोटाच्या बाह्या लालभडक दोऱ्याने शिवल्या.

मुलाने कोट उचलला. "हे काय? बाबा, बस झालं आता!"

दाजी कात्री पुसत राहिले.

"त्यांना काय बोलता? रीळ मी दिलं," सून म्हणाली.

"डोळे कुठे होते तुझे?"

"कपाळात! आता काय फासावर देता? उसवते मी."

मुलगा पुटपुटत बाहेर गेला. सून दाजींजवळ बसली. "बाबा, मघाशी तुम्ही दोऱ्याचं टोक चाचपत होतात. त्या गाठी मुद्दाम मारलेल्या होत्या ना?"

दाजींनी सगळं सांगितलं.

"मग दोन्ही रंग दिसतात तरी कसे?"

"वाळल्या गवतासारखे. तुला तांबडा कसा दिसतो?"

"तांबडा म्हणजे... तांबडाच. रक्तासारखा."

"मला रक्तही गवतासारखंच दिसतं गं."

ती हसली आणि तिने रिळांचा डबा मांडीवर घेतला.

ताई परतली तेव्हा दाजी मशीनवरच होते. तिने एक रीळ उचललं. गाठ होती, पण दुहेरी वळशाची, करकचून आवळलेली. तिच्या हातची नव्हे. संध्याकाळी सवयीने डबा ओढला, थोडी थांबली आणि तो सुनेपुढे सरकवला.

"इतक्या आवळू नकोस," ती म्हणाली. "मोकळी गाठ त्यांच्या बोटाला लवकर लागते."