खुणेचा रकाना

आमच्या गिऱ्हाइकांची माहिती एआय एजंटला समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा सर म्हणाले, "मॅडम, माणसांसाठी लिहिल्यासारखं लिहू नका. रकान्याचं नाव, त्याचा अर्थ, बस."

मी माणसांसाठी लिहिल्यासारखंच लिहिलं. मला दुसरं येत नाही आणि शिकायची हौसही नाही.

आमचं ऑफिस गुलमंडीत, कापडाच्या दुकानावर. ठिबकच्या नळ्या आम्ही तालुक्यातालुक्यातल्या दुकानदारांना पुरवतो. कुणाशी कधी काय बोलणं झालं, ते सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये असतं. पंधरा वर्षं या दुकानदारांचे फोन मीच घेतले. आता त्यांना फोन आणि मेसेज एजंट करणार होता, आणि कुठला रकाना कशासाठी आहे, हे मी त्याला लिहून द्यायचं होतं.

'पत्त्याची खूण' या रकान्यापाशी घोडं अडलं. तिथे 'बँकेशेजारी', 'पिंपळासमोर' एवढंच असायला हवं. पण गावोगाव फिरणारे आमचे एक जुने विक्रेते, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, त्यांच्या मोबाइलवर दुकानदाराच्या नावाखाली पहिली हीच ओळ दिसते. शेऱ्याचा रकाना पार तळाशी. म्हणून विसरून चालणार नाही असं जे काही असेल, ते चाचा खुणेत लिहीत. 'शाळेमागे. मुलीचं लग्न मोडलंय, विषय काढू नका.' 'पंपासमोर. थोरल्याशी बोला, धाकटा भडकतो.' त्यांचं बघून सगळेच तसं लिहायला लागले. चूकच होती, कबूल. पण त्या चुकीवरच आमची इतकी वर्षं नीट गेली होती.

त्यावर मी अख्खं पान लिहिलं. फोन करण्याआधी खूण वाच, शेवटपर्यंत वाच, घरात दुःख असेल तर गप्प बस. सरांनी ते पान काढून टाकलं. "पत्ता म्हणजे पत्ता. हा सगळा कचरा सोमवारपर्यंत पुसून टाका." मी आतून खवळले, पण तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

एजंटच्या चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी वैजापूरच्या दुकानदाराचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं.

"ताई, बायकोला जाऊन आज सहा दिस झाले. अन् तुमचा मेसेज आलाय, मेळाव्याला जोडीनं या म्हनून. तुम्हाला ठावं नव्हतं व्हय?"

ठाऊक होतं. चाचांनी खुणेत लिहून ठेवलं होतं, 'बाजार समितीच्या कमानीजवळ. वहिनी गेल्या. तेरावा होईपर्यंत धंद्याचा फोन नको.'

सर म्हणाले, "एजंटकडूनच माफीचा मेसेज पाठवून द्या."

"नाही पाठवणार," मी म्हणाले आणि पर्स उचलली. चाचा जिन्यात उभे होते. "चलो बेटा, मैं भी आता हूँ," म्हणाले. दोघं एसटीने वैजापूरला गेलो.

आम्ही सतरंजीवर टेकलो. मग दुकानदारांनी विचारलं, "माझ्याबद्दल काय लिवलंय तुमच्या त्या मशिनीत?" मी मोबाइल पुढे केला. त्यांनी ती ओळ वाचली. 'वहिनी'वर त्यांचं बोट थांबलं. तिच्या हातची भाकरी चाचांनी कितीदा खाल्ली होती, ते दुकानदारांनीच सांगितलं. चाचा मान खाली घालून ऐकत होते.

"हे ऱ्हाऊ द्या, ताई. पुसू नका," दुकानदार म्हणाले.

अशा घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. आम्ही न बोलता उठलो.

सोमवारी सरांनी विचारलं, "रकाना साफ झाला?"

"नाही. उलट ते पान परत घातलंय. सगळ्यात पहिलं."

"मी काढायला सांगितलं होतं."

"हो. आणि मी ऐकलेलं नाही."

त्यांनी पान उघडून वाचलं. "मॅडम, हे मशीनसाठी नाही. हे माणसांना सांगायचं असतं."

"माणसांना हे सांगावं लागत नाही, सर."

ते लाल झाले. नोकरीचं काय होईल याचा विचार माझ्याही मनात येऊन गेला, नाही असं नाही. तरी मी माझा कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. "पुसायचं तर तुमच्या हातानं पुसा. फक्त त्यानंतर वैजापूरचा फोन आला, तर तोही तुम्हीच घ्या."

त्यांनी कीबोर्डकडे पाहिलं, मग फोनकडे. मग बाहेर निघून गेले.

खुणेच्या रकान्यात वहिनी अजून कमानीजवळच आहेत.