आधारची झेरॉक्स

माझी लेक बोलत नाही. तिच्या थेरपीसाठी कोल्हापुरातल्या एका केंद्राच्या बाकावर मी वर्षानुवर्षं बसले. शेजारी दुसऱ्या आया असायच्या, पण आम्ही एकमेकींच्या चपलांकडे बघत बसायचो. म्हणून केंद्रातल्या मॅडमनी 'पालक आधार गट' काढायचं ठरवलं आणि आखणीलाही आम्हा दोघी-तिघी आयांनाच बसवलं, तेव्हा मी भलतीच खूश झाले. बाहेरचा फलक मीच रंगवला.

पहिल्या सभेला बाकीच्या आया झाडून आल्या आणि प्रत्येकीच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स. मी कपाळावर हात मारून घेतला.

कागलकडची एक कोवळी आई होती, मांडीवर मान न धरणारं पोर. इथं दाखला-बिखला काही मिळत नाही, नुसतं एकमेकींशी बोलायचंय, हे कळल्यावर ती उठलीच.

"मग कशाला बोलावलासा? एस्टीत उभं राहून आलोय मी."

मला वाटलं, ही आज गेली तर परत यायची नाही, घरात एकटीच कुढत बसेल. मी तेच करत आले होते.

"बसा की पावणं, च्या तरी घ्या," मी दरडावलंच तिला. बसली बिचारी. कप हातात देताना मी सहज विचारलं, "सकाळपासनं जेवलीस का गं?"

तिनं कप खाली ठेवला आणि रडायलाच लागली. "पोरगं जेवलं का, ते समदी इचारत्यात. माझं कोण इचारतंय?"

पुढं गट सुरू राहिला, तीही येत राहिली. गटाचा काही उपयोग होतोय का ते तपासायचं म्हणून मॅडमनी प्रश्न काढायला आम्हालाच सांगितलं. 'आधार वाटतो का' असं विचारलं असतं तर पुन्हा झेरॉक्सच आल्या असत्या. कागलवाली म्हणाली, "सरळ इचारा की, तू जेवलीस का म्हणून तुला कोण इचारतंय का." तोच प्रश्न ठरला. मॅडमना हसू आलं, पण त्यांनी तो घेतला.

मध्यंतरी लेकीला फिट्स आल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं. मी फक्त मॅडमना कळवलं. अडचणीत तोंड मिटून बसायची माझी खोडच आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डच्या दारात कागलवाली उभी. पोराला सासूकडं ठेवून आली होती. लेकीच्या केसांवरून हात फिरवून तिनं पिशवीतला डबा काढला.

"आक्का, जेवलासा का?"

"न्हाय गं," मी म्हणाले, आणि तिच्या देखत हुंदके देत भाकरी खाल्ली.