दारावरच्या जाहिराती

जेवून उठायच्या आधी ताटातली दोन शितं तो बाजूला काढून ठेवायचा. मग पेपराची घडी नखानं दाबून नोकरीची जाहिरात अशी सरळ फाडायचा, की कात्रीनं लाजावं. शितं चुरडून ती माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवायचा. "बघू की, मावशी. कुणाचं तरी नशीब निघंल."

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात विद्यापीठाजवळ माझी खानावळ होती. शाळा माझी चौथीपर्यंतच. पण त्या दारामुळं मी 'संशोधन सहायक', 'तासिका तत्त्वावर' असलं सगळं वाचायला शिकले. तुम्ही म्हणाल, कुणाची शाळा कुठं भरेल सांगता येत नाही!

तो नेसरीचा. एका सरांच्या हाताखाली मातीचे नमुने तपासायचा. नोकरी प्रकल्पावरची, प्रकल्प संपला की तीही संपणार. दर मार्चला मुदत वाढेपर्यंत त्याला जेवण जायचं नाही.

तसा मिश्कील. नव्या पोराच्या चपलेची माती बघून म्हणायचा, "पावणं, कोडोलीकडचं न्हवं का?" पोरगं गार! मग मला हळूच, "मातीवरनं गाव कुठलं कळतंय, मावशी? त्याच्या पिशवीवर तिथल्या दुकानाचा पत्ता हाय की."

त्या दारानं किती पोरापोरींना नोकऱ्या लावल्या. पेढे यायचे. तो अर्धाच घ्यायचा.

एकदा त्यानं जाहिरात फाडली आणि खिशात ठेवली.

"का रं, दाराला न्हाय लावलीस?"

"ही माझी हाय, मावशी."

दुसऱ्या विद्यापीठात माती संशोधनाची कायमची जागा होती. वयाची अट पस्तीस, आणि त्याला दिवाळीत पस्तीस पुरी होणार. खाली लिहिलं होतं, नोकरीत असलेल्यांनी अर्ज वरिष्ठांमार्फत पाठवावा, एक प्रत आधी थेट पाठवली तरी चालेल. त्यानं दोन्ही लिफाफे तयार केले होते.

"ही प्रत परस्पर टाकू का? सरांना काय वाटंल?"

आणि मी शहाणी बोलले, "मोठ्या माणसाला डावलू नये, बाबा. त्यांच्याच हातात दे. पाया पड." वर हातावर दही-साखर ठेवली.

त्यानं तसंच केलं. दुसरा लिफाफा त्याच्या ट्रंकेतच राहिला.

मुलाखतीचं पत्र आलं नाही. दिवाळीनंतर एका दुपारी तो आला आणि ताटावर नुसता बसून राहिला. त्याचा अर्ज सरांच्या टेबलाच्या खणात सापडला होता. सहीसुद्धा नव्हती.

"काय म्हणाले रं?"

"राहून गेलं म्हणाले. वर म्हणाले, तू गेल्यावर इथलं काम कोण करणार हुतं?"

तो मला बोलेल म्हणून मी वाट बघत उभी. तो म्हणाला, "भाकरी गार झाली, मावशी." आणि खाल्ली. शितं काही काढली नाहीत.

पुढच्या मार्चला प्रकल्प संपला. तो गावी गेला, शिकवण्या घेऊ लागला. अधूनमधून फोन यायचा, "दाराला काय नवीन?" मी वाचून दाखवायची. "सावकाश की, लिहून घेतोय. हितं दोन पोरं हायत." मग फोनही थांबले. मी विचारायला कुणाकडं जाणार?

आता खानावळ सून बघते. परवा एक मुलगी लिफाफा घेऊन बसलेली दिसली. विचारलं, "दुसरी प्रत कुठाय?"

"थेट कशी पाठवू, मावशी? सर रागावतील की."

"रागवू देत," मी म्हणाले. "आधी पोस्टात जाऊन ये. मग ताट वाढते."