दत्तूच्या दगडाची उंची

साताऱ्याहून निघताना माझ्या यादीत एकवीस जिनसा होत्या. कंदील, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या, फिरकीचा तांब्या, दशम्या, शिवणाची टेप, दोन पेन्सिली, असे करत करत विसावी जिन्नस होती गोणपाटात शिवलेली संगमरवरी फरशी, आणि एकविसावी एक पितळेची डबी, रिकामी. फरशी मी करवून घेतली होती. डबी आईने दिली होती.

फरशीवर दत्तूचे नाव होते. दत्तू माझा धाकटा भाऊ. अठरा वर्षांपूर्वी जंगलाच्या मोजणीवर नोकरी लागली म्हणून तो चांदा जिल्ह्यात गेला आणि बाविसाव्या वर्षी तिथेच तापाने वारला. कचेरीच्या पत्रात गावाचे नाव आणि ‘तेथेच पुरले’ एवढाच मजकूर होता. बाबा ‘जाऊन येतो’ म्हणत म्हणत स्वतःच गेले. मी शाळेच्या कामात बुडाले. माझे वेळापत्रक कधी चुकले नाही, पण हे एक काम दर वर्षी पुढच्या यादीत जात राहिले. आता आईला जवळजवळ दिसत नाही. दिवाळीत ती म्हणाली, “तो कुठं आहे तेवढं बघून ये. येताना त्याच्या पायथ्याची मूठभर माती आण. कृष्णेत सोडली की मी मोकळी झाले.” माघात मी रजा काढली.

नागपूरला गाडी बदलून चांद्याला उतरले तेव्हा अंगावर कोळशाची पूड होती. शहराभोवतीचा जुना कोट मला बसच्या खिडकीतूनच बघायला मिळाला, कारण बस वेळेवर सुटली. माझ्या सबंध प्रवासात वेळेवर घडलेली ही एकच गोष्ट. आष्टीजवळ वैनगंगा उतरावी लागते. दोन होड्यांवर फळ्या टाकून त्यावर मोटार चढवली आणि आम्ही उतारू शेजारी उभे राहिलो. पाणी काचेसारखे होते. माझे गोणपाट उचलणाऱ्या नावाड्याने मला अदबीने विचारले, “देव हाय का बाई यात?” मी नाही म्हटले. त्यावर त्याने ते लगेच दणकन खाली ठेवले.

आलापल्लीपासून पुढे साग. दोन्ही बाजूंना एवढे सरळ आणि एवढे उंच की मान दुखते. सुपाएवढी वाळकी पाने वाऱ्याशिवायच खाली येत आणि पडताना कोणी चालत आल्यासारखा आवाज होई. पुढच्या वाटेला मोटार नव्हती. सुकरूभाऊ नावाच्या गाडीवानाची रेंगी (हलकी बैलगाडी) ठरवली. त्याला गोंडीही येत होती, म्हणजे माझ्या दोन कामांना एकच माणूस पुरणार होता. गोणपाट चढवताना त्याने ते चाचपून पाहिले.

“गोटा हाय?”

“फरशी आहे. भावाच्या समाधीवर बसवायची.”

“इथी गोट्याची कमी हाय काय बाई, का तुम्ही साताऱ्यावून गोटा आनला? आमच्या बैलायनं काय बिघडवलं तुमचं?”

मग मैलभर तो बैलांशीच बोलला आणि त्यातले निम्मे माझ्यासाठी होते. दुपारी झाडी विरळ झाली तिथे चाबकाने लांबची निळी रांग दाखवून म्हणाला, “सूरजागड. लोखंडाचा डोंगर हाय म्हनतेत.” दत्तूच्या पहिल्या पत्रात हे नाव होते. त्या पत्रात त्याने लिहिले होते की इथे रात्री इतकी शांतता असते की घरचा आवाज आठवावा लागतो. तो डोंगर झाडांमागे जाईपर्यंत मी मागे वळून पाहत राहिले. तिथे मोजणीची साखळी ओढताना तो कसा दिसत असेल ते काही केल्या डोळ्यांपुढे येईना. माझ्या आठवणीतला दत्तू घरच्या अंगणात उभा असतो आणि त्याच्या सदऱ्याचे वरचे बटण तुटलेले असते.

पत्रातले हिडमटोला गाव म्हणजे बांबूच्या कुंपणातली दहा-बारा घरे. वस्ती माडिया गोंडांची. लालसू नावाचा म्हातारा तिथला पेरमा (गावचा पुजारी) होता. त्याने ‘जोहार’ करून बसायला बाज दिली. सुकरूभाऊने मी कोण ते सांगितल्यावर लालसूची बायको मैनी काम टाकून आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि बोटाने माझ्या नाकावरून खाली रेघ ओढली. ती काही बोलली आणि सगळी हसली.

“काय म्हणाली?”

“म्हनते, नाक तेच हाय. याच नाकानं तो कडू पाल्याचा काढा पाहून तोंड फिरवे.”

दत्तूला काढा पाजणाऱ्या माणसाला मी भेटेन, हे माझ्या यादीत कुठेच नव्हते. दोन्ही हात मांडीवर ठेवून मी तशीच बसले. मैनीने पानाच्या द्रोणात जावा (तांदळाच्या कण्यांची पातळ पेज) आणि आंबाडीची आंबट भाजी दिली. मी संपवेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. दुसरा द्रोणही संपवल्यावर म्हणाली, “हे खाते. तो नाई खाये.” एवढे मराठी तिला येत होते, कदाचित दत्तूमुळेच.

जेवल्यावर कळले ते असे. मोजणीची टोळी पावसाच्या आधी परत फिरली, तेव्हा दत्तूला चालवत नव्हते. टोळीने त्याला लालसूच्या घरी ठेवले आणि माणसे पाठवतो म्हणून ती गेली. पाऊस लागला. नाले भरले. सोळाव्या दिवशी तो वारला. सरपण ओले होते, म्हणून पुरले.

गावाची पुरण्याची जागा वस्तीबाहेर वाटेच्या कडेला आहे. मोहाच्या झाडांखाली दगड उभे केलेले, कमरेएवढे, खांद्याएवढे, काही डोक्यापेक्षा उंच. त्यांच्या आसपास फुटकी मडकी, टोपल्या, एक मोडकी कुऱ्हाड. एकाही दगडावर अक्षर नाही. मी वही काढून रांगेने फिरू लागले. एक चांगला उभट, घडीव वाटणारा दगड पाहिला, चपला काढल्या आणि हात जोडून डोळे मिटले. मनात दत्तूला हाक मारली.

“बाई,” मागून सुकरूभाऊ हळूच म्हणाला, “तो लालसूचा काका हाय.”

लालसू गंभीर होता. म्हणाला, काकाला आवडले असेल. त्याच्याकडे इतक्या लांबून कधी कोणी आले नव्हते.

दत्तूचा दगड सगळ्यांपासून बाजूला, वाटेच्या वळणावर होता. ओबडधोबड, काळपट, माझ्या मांडीपर्यंत येईल एवढा. मला खात्री पटेना. मग शेजारच्या फांदीला उलटा टांगलेला तांब्या दिसला. तो मी खाली घेतला. काठाखाली हातोडीने ठोकलेले बाबांचे नाव होते. आईच्या लग्नातल्या सगळ्या भांड्यांवर आहे तसेच, वळणदार. बुडाला मात्र मोठे भोक होते.

“हे कोणी फोडलं?” माझा आवाज शाळेतल्यासारखा चढला.

“मी,” लालसू म्हणाला. मग सुकरूकडून त्याने सांगितले. मेलेल्याची वस्तू त्याच्याजवळ ठेवायची, पण फोडून. फुटली म्हणजे ती त्याचीच. दुसऱ्या कोणाला तिचा मोह होत नाही. गावात तेव्हा पितळेचे भांडे दुसरे नव्हते. अठरा वर्षे ते या वाटेवर टांगलेले होते.

मी तांब्या पुन्हा फांदीला लावला.

“हा सगळ्यांपासून लांब का उभा केला? परका म्हणून?”

सुकरूभाऊ हे विचारायला कचरला, पण त्याने विचारले. लालसू बराच वेळ बोलला. तेव्हा गावात वाद झाला होता. आपल्या कुळाचा नाही, त्याला दगड कशाला, असे काहींचे म्हणणे होते. लालसूचे म्हणणे, माझ्या उंबऱ्यात मेला तो माझ्या घरचा. नदीतून दगड उचलला, खांद्यावर आणला. दगड जिथे जड होतो तिथे मेलेल्याला बसायचे असते. हा इथे जड झाला. पुढे हलेना. इथून बाहेर जाणारी वाट दिसते.

मी त्या वाटेकडे पाहिले. आमच्या रेंगीची चाकोरी धुळीत स्पष्ट होती. 

मग कामाला लागायचे म्हणून गोणपाट उसवले. पांढरी फरशी उन्हात चमकली. मैनीने तिच्यावरून हात फिरवला आणि पाण्यासारखी गार आहे म्हणाली. लालसूने मात्र मान हलवली.

“हा कापलेला हाय,” सुकरूभाऊने समजावले. “याच्यात जीव नाई. इथी दगड वाढते बाई. मेलेला माणूस सुखात असन तर त्याचा दगड वाढते. तुमच्या भावाचा गुडघ्याएवढा होता. आता पाहा.”

मी शिवणाची टेप काढली. सव्वीस इंच. पायथ्याशी वाकले तेव्हा पावसाने माती वाहून गेलेली दिसली. खालच्या चार-पाच बोटांचा रंग फिका होता. दगड कसा वाढला ते मला कळले. मान वर केली तर सुकरूभाऊ माझ्याकडेच पाहत होता.

“मोजलं ना? मंग बस झालं,” तो म्हणाला.

मी ‘सव्वीस’ लिहून वही मिटली. फरशी लालसूने दगडासमोर आडवी टाकायला लावली. भेटायला येणाऱ्याला बसायला होईल म्हणाला. नावाची बाजू मी खाली केली, घरचे नाव तर तांब्यावर होतेच. मी पहिली त्या फरशीवर बसले.

आता राहिली डबी. माती न्यायची आहे म्हटल्यावर मैनीने लालसूकडे पाहिले. मैनी म्हणाली, तुझा भाऊ आहे, ने. लालसू म्हणाला, पण त्याला विचारू. त्याने दगडापुढे चिमूटभर तांदूळ ठेवले आणि घरून एक कोंबडीचे पिल्लू आणवले. पिल्लाने दाणा टिपला म्हणजे तो हो म्हणतो. लालसूने दगडाला माझ्या आईचे नाव सांगितले आणि विचारले, येतोस का घरी?

पिल्लाने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि पाठ फिरवली. मी टाचेने त्याला जरा तांदळाकडे ढकलले. मुख्याध्यापिकेला हे शोभले नाही, पण मी ढकलले. ते माझ्या लुगड्याखाली जाऊन उभे राहिले.

अडवणारे कोणी नव्हते. माती पायाशी होती, डबी हातात होती, आणि आई घरी वाट पाहत होती. ती डबी मी कितीदा उघडली आणि मिटली कोण जाणे. मैनी पुढे झाली. तिने पिल्लाला ओंजळीत घेतले, पुन्हा तांदळापुढे ठेवले आणि दगडाशी अगदी घरातल्या आवाजात बोलली.

“काय विचारलं?” मी म्हटले.

“म्हनते, बहीन आली, तुले बरं वाटलं का?”

पिल्लाने दाणा टिपला. मग दुसरा. मग सगळे. त्याला भूक लागली असेल. मी तेव्हाही तसेच मनाशी म्हटले आणि आताही म्हणते. पण डबी मी पिशवीत रिकामीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. वळण येईपर्यंत मी रेंगीत मागे तोंड करून बसले होते. तांब्यावर ऊन पडले होते, बाकी काही दिसत नव्हते. सुकरूभाऊ म्हणाला, “बैल खुश हायत आज. गोटा कमी झाला.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “मी ह्या वाटेनं येतो बाई, मयन्यातून एखांद्या वेळी. बसत जाईन थोडा वेळ त्या फरशीवर.”

वैनगंगा, चांदा, नागपूर. परतीच्या प्रवासाची नोंद माझ्या वहीत नाही.

घरी पोचले तेव्हा आई ओटीवरच बसली होती. पाय धुण्याआधीच तिने हात पुढे केला. मी डबी तिच्या हातात ठेवली. तिने ती हलवून पाहिली.

“आला नाही?”

“नाही,” मी म्हटले. “त्याची तिकडे माणसं आहेत. आपला तांब्याही तिकडेच आहे. बाबांचं नाव तसंच आहे त्याच्यावर.”

आई पदराने डबी पुसत राहिली, तिच्यावर काही नसताना. 

“आई, तो वाढलाय.”

तिने मान वर केली. “केवढा?”

मी टेप काढली, सव्वीस इंच मोजून बोट धरले आणि तिचा हात धरून त्या उंचीवर नेला. तिथे हवेत तिने तळवा आडवा धरला. मग बोटे जरा वाकवली, उभ्या मुलाच्या डोक्यावर ठेवतो तशी, आणि हात बराच वेळ खाली घेतला नाही.