कोलांटउडीचा पुरस्कार

समोरच्या खिडकीत डेल एकटेच खदखदून हसताना दिसले, म्हणून मी रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेले. अमेरिकेतल्या युटा राज्यातले हे माझे शेजारी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे आहेत. आपल्या धर्मग्रंथावरच्या आक्षेपांना ते इंटरनेटवर हिरिरीने उत्तरं देतात. आज विरोधकांनी त्यांना ओढूनताणून केलेल्या युक्तिवादासाठी 'वर्षातली सर्वोत्तम कोलांटउडी' असा टिंगलीचा पुरस्कार दिला होता.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाईट? अहो, तळटिपांसकट वाचलंय त्यांनी मला!"

मला एकदम उचंबळून आलं. आपलं म्हणणं शेवटपर्यंत वाचणारा माणूस मिळणं किती दुर्मीळ, मग तो ते खोडून काढायला का बसलेला असेना! डेलनी तिथल्या तिथे आभाराचं भाषण लिहून इंटरनेटवर टाकलं. पहिलं उत्तर आलं ते त्यांच्या सगळ्यात कडव्या टीकाकाराचं: "अभिनंदन. आता पुढचा मुद्दा बोला."

डेलनी बाह्या सरसावल्या.