गिरणीवाल्याचं मत

दहिवलीतला आमचा गिरणीवाला गिरणी बंद असतानाही ओरडूनच बोलतो. पट्ट्याच्या आवाजात इतकी वर्षं काढल्यावर हळू बोलणं त्याला जमतच नाही. मिशीवर आणि पापण्यांवर कायम पीठ असतं. तांदळामागून गहू दळायचा तर आधी मूठभर गहू सोडून तो गिरणी साफ करून घेतो. एकाचं दळण दुसऱ्यात मिसळलेलं त्याला खपत नाही.

मत मात्र दर निवडणुकीला एका बारक्या पक्षाला देतो.

"वाया घालवतोस रं," मी म्हणायचो. "निवडून येणाऱ्याला द्यावं."

"माझं हाय, मी कुठं बी घालीन," तो ओरडायचा.

गेल्या वेळी मतदानाच्या आदल्या दिवशी त्याच्या उमेदवारानंच मोठ्या पक्षाला पाठिंबा जाहीर केला. मशीनवर चिन्ह तेवढं राहिलं. शाळेतून मत देऊन तो बाहेर आला तेव्हा मी त्याला बघून हसलो. अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "तेच बटण दाबलं. पाठिंबा त्यानं दिला, मी कुठं दिला?"

माझा उमेदवार निवडून आला. अंगावरचा गुलाल निघतो न निघतो तोच, ज्यांना पाडायला मी त्याला मत दिलं होतं, त्यांच्याच पक्षात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तांदळाचा डबा घेऊन गिरणीत गेलो. त्यानं चालू गिरणी बंद केली आणि अगदी हळू विचारलं, "तुझं मत आता कुठं हाय रं?"

ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं.