धाकटीने जावं की राहावं

आमच्या गल्लीत बायकांचे केस कापायचं एकच दुकान आहे आणि ते दोन बहिणींचं आहे. त्यांना नावाने कोणी ओळखत नाही. एक थोरली, एक धाकटी. थोरलीला हाक मारण्यात तसाही अर्थ नाही, कारण ती ठार बहिरी आहे. लहानपणी तापात कान गेले आणि कानांमागोमाग बोलणंही गेलं. त्या वाढल्या तिथे अशा मुलांची शाळा नव्हती, म्हणून दोघींनी आपली आपण हातांची भाषा बनवली. धाकटी तेव्हा इतकी लहान होती, की तोंडाने बोलायला आणि हातांनी बोलायला ती बरोबरच शिकली.

ही भाषा कुठल्या पुस्तकात नाही. थोरलीने ज्याला त्याला दिसेल ते नाव दिलं. पाववाल्यासाठी गाल फुगवायचे, कारण त्याचे तसेच आहेत. औषधाच्या दुकानासाठी शिंक. माझ्यासाठी कमरेवर हात आणि कपाळाला आठ्या. धाकटी मला म्हणाली होती, "बाई, राग मानू नका हं." मी कशाला राग मानू? जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्या आठ्या माझ्या कष्टाच्या आहेत.

इतक्या वर्षांत गल्लीलाही ही भाषा थोडीथोडी लागली. भाजीवाली थोरलीला भाव बोटांनी सांगते आणि महाग म्हटलं की वर भांडतेही. पण आमचं ज्ञान म्हणजे पाव, पाऊस, डॉक्टर, उद्या या. लांबलचक वाक्यं, जुन्या आठवणी, कोणाची नक्कल, टोमणे हे सगळं फक्त धाकटीशी.

दुकान अरुंद आहे. भिंतभर आरसा, त्याच्यासमोर दोन खुर्च्या, मागच्या बाजूला डोकं धुवायचं बेसिन. थोरली धुते, धाकटी कापते. थोरलीच्या हाताखाली डोकं दिलं की माणूस पाच मिनिटांत घोरायला लागतं. कापताना धाकटीचं तोंड आरशाकडे आणि पाठ बेसिनकडे, म्हणून दोघी बोलतात त्या आरशातून. गिऱ्हाईक मध्ये बसलेलं. गप्पा माझ्या डोक्यावरून जातात असं मी म्हणते ते शब्दशः खरं आहे. धाकटीच्या हातात कात्री असली की ती नुसते ओठ हलवते. जगात तेवढेच ओठ थोरलीला वाचता येतात, बाकी कोणाचे नाही.

धाकटीचा नवरा लवकर गेला. मुलगा दोघींनी वाढवला. एक आई रागवायला, एक मावशी लाड करायला. तो आता दूर परदेशात, समुद्राकाठच्या गावात होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. डोक्यावरचे केस निम्मे उडाले तरी धाकटी त्याला 'बाळ' म्हणते. तिथे वर्षभर ऊन असतं म्हणे. आमच्याकडे हिवाळा आला की भिंतींना ओल येते आणि टॉवेल दोन दिवस वाळत नाहीत.

त्या ओलीने धाकटीची बोटं धरली. आधी सकाळपुरती आखडायची, मग दिवसभर. सांधे सुजून गाठीसारखे झाले. एका दुपारी कात्री घसरली आणि निवृत्त नर्सबाईंच्या कानाला लागली. नर्सबाईंनी स्वतःच कापूस दाबून धरला आणि म्हणाल्या, "कान आहे गं, केस नाही. परत वाढायचा नाही." सगळ्या हसल्या. धाकटी हसली नाही. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की कोरड्या, उबदार हवेत राहिलात तर बरंच वाचेल. इथे राहिलात तर मी काय सांगू.

बोटं म्हणजे धाकटीची नुसती रोजीरोटी नव्हे. बोटं तिची अर्धी जीभ.

बाळाने फोनवर सांगितलं, दोघी या. खालची खोली रिकामी आहे, दार उघडलं की ऊन. थोरलीने विचारलं, तिथला पाववाला बारीक असेल तर त्याला काय म्हणायचं? धाकटीने हसत हसत मला तिचं म्हणणं सांगितलं. मला हसू आलं नाही. प्रश्न बरोबर होता. तिकडे थोरलीला ओळखणारं एकही दुकान नव्हतं. तरीही थोरली तयार झाली. धाकटी असेल तिथे ती, एवढाच तिचा हिशोब.

मग एका संध्याकाळी धाकटी जिना चढून माझ्याकडे आली. चहा पुढे ठेवला तरी कपाला हात लावेना.

"बाई, मावशीला परवानगी नाही देत तिथे."

"म्हणजे?"

"आईला देतात. आईच्या बहिणीला नाही. बाळाने सगळीकडे विचारलं. कायद्यात मावशी म्हणजे कोणीच नाही."

"माय मरो, मावशी उरो म्हणतात आपल्यात."

"त्यांना कोण सांगणार?"

"बाळ काय म्हणतो?"

तिने पदराचं टोक दुखऱ्या बोटांनी पिळलं. "म्हणतो, मावशीची इथे चांगल्या ठिकाणी सोय करू. वृद्धाश्रमात. स्वतंत्र खोली, वेळेवर जेवण."

"आणि बोलायला?"

"तेच म्हटलं मी. तर म्हणतो, तिथे माणसं असतातच की."

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पण मुलगा वाईट नव्हता. आईचे हात जातायत हे त्याला फोनवर दिसत होतं आणि दोघींना नेता येत नव्हतं. मी विचारलं, "थोरलीला सांगितलंस?"

"सांगितलं की कागदांना वेळ लागतोय."

"खोटं सांगितलंस."

"खोटं नाही. थोडं कमी सांगितलं."

ही तिची जुनी खोड. बहिणीची दुभाषी होता होता ती छाटायला शिकली. गिऱ्हाईक म्हणालं, पाणी गार आहे, तर ते थोरलीपर्यंत जायचं. गिऱ्हाईक म्हणालं, बिचारी, तर ते जायचं नाही. हेतू चांगलाच. पण छाटायची सवय लागली की माणूस कुठे थांबायचं ते विसरतं.

"तुला जायचंय का?" मी सरळ विचारलं.

"ताईला सोडून कशी जाऊ?"

"मी ते नाही विचारलं."

ती उठली आणि गेली. चहा मी प्यायले.

त्यानंतर थोरलीचं वागणं बदललं. बँकेत कायम बहिणीमागून जाणारी बाई एकटीच जाऊन खिडकीशी उभी राहिली. डॉक्टरकडे एकटी गेली आणि कुठे दुखतं ते दाखवून औषध घेऊन आली. दुकानातला गरम पाण्याचा बंब धाकटीशिवाय कोणी पेटवत नसे, तो स्वतः पेटवायला लागली आणि एकदा भुवई भाजून घेतली. रस्त्यात मला अडवून माझ्या घराच्या घंटेकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, मग मानेने विचारलं. चालेल का? मी म्हटलं, केव्हाही ये. मला वाटलं, एवढंच विचारतेय.

धाकटी मात्र कावली. "बाई, ताई रुसलीय की काय? मला कशालाच हात लावू देत नाही. आजकाल मी बोलायला गेले की डोळे मिटते."

डोळे मिटणं हे थोरलीचं भांडण. आपण रागावलो की तोंड बंद करतो, ती डोळे बंद करते. मग तुम्ही काय हवं ते सांगा, कोणाला?

शेवटी एका दुपारी मी केस कापायला बसले होते. थोरलीने डोकं धुऊन दिलेलं, पाणी मानेवरून गळतंय, धाकटीने नुकती कात्री घेतलेली, तेवढ्यात बाळाचा फोन आला. धाकटीने बेसिनकडे नजर टाकली आणि बहिणीला ओठ दिसू नयेत म्हणून मुद्दाम तिच्याकडे पाठ केली. आणि हळू आवाजात बोलायला लागली.

"नाही रे, अजून नाही सांगितलं... त्या आश्रमवाल्यांना म्हणावं, थोडं थांबा... तिला कळलं तर ती मोडेल रे."

पाठ फिरवली, म्हणजे तोंड कुठे झालं? आरशाकडे. सगळं आयुष्य त्या काचेसमोर काढलं, इतकं, की ती तिथे आहे हेच बाई विसरून गेली होती. मी खुर्चीत बसल्या बसल्या आरशात पाहिलं. थोरली बेसिनपाशी ओला टॉवेल हातात धरून उभी होती आणि धाकटीचे ओठ वाचत होती. चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून नव्हतं. मला तेव्हा बँक कळली, बंब कळला आणि माझ्या घंटेचा अर्थही कळला. तिला पहिल्या फोनपासून माहीत होतं. बाई एकटीने राहायची तालीम करत होती.

"धाकटे," मी म्हटलं, "फोन ठेव. आणि समोर बघ."

तिने बघितलं. फोन हातातून माझ्या मांडीवर पडला. बाळ तिकडून "आई? आई?" करत राहिला, मी तो बंद केला.

थोरलीने टॉवेल खांद्यावर टाकला आणि हात मोकळे केले. इतक्या जोरात तिला बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला अर्धंच कळत होतं. आणि धाकटी, सवयीने, मला मोठ्याने सगळं सांगत होती. स्वतःवर चाललेली आगपाखड!

"खोटारडी, म्हणतेय. मला काय मातीचं भांडं समजतेस, म्हणतेय, मोडेल म्हणे... जन्मभर मला लोकांचं अर्धंच सांगितलंस, म्हणतेय. बिचारी म्हणतात ते मला दिसत नाही का? चेहरे वाचता येतात मला, म्हणतेय..." इथे तिचा आवाज फुटला, पण थांबली नाही. त्या दिवशी तिने एक अक्षर छाटलं नाही.

मग धाकटीने हातांनी उत्तर दिलं, आणि तोंडानेही. "मी नाही जाणार. ठरलं माझं. बाळाला आत्ता सांगते."

थोरलीने डोळे मिटले.

"ताई! बघ माझ्याकडे!" धाकटी बहिऱ्या बहिणीवर ओरडत होती. "नाही जाणार म्हणतेय ना मी!" तिने थोरलीचे खांदे धरून हलवले. थोरली भिंतीसारखी उभी. 'नाही जाणार' हे तिला ऐकायचंच नव्हतं. ते खोटं होतं हे तिला माहीत होतं, आणि मलाही.

मी म्हटलं, "धाकटे, खरं काय ते सांग तिला. त्यासाठी डोळे उघडेल ती."

माझ्या मानेवरचं पाणी पाठीत उतरलं, पण मी हलले नाही. मग धाकटीने थोरलीची मनगटं धरली. सुजलेल्या बोटांनी तिचेच हात उचलले. लहानपणी घरातले दिवे गेले की अंधारात दोघी अशाच बोलायच्या, एकीने दुसरीचे हात धरून. तिने थोरलीचा तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला. म्हणजे मी. मग तेच हात पुढे नेऊन लाटांसारखे हलवले. समुद्र. आणि मग मुठी आवळून पोटाशी ओढल्या. ही खूण मला कोणी शिकवलेली नव्हती, पण कळायला काही अवघड नव्हती. हवंय.

थोरलीने डोळे उघडले. रडत नव्हती. हातांनी दोनच शब्द बोलली, आणि धाकटीने तेही मला सांगितले. "मग जा."

"जाऊ का, बाई?" धाकटीने मला विचारलं.

"जा," मी म्हटलं.

ती गेली. गल्लीने तोंडसुख घेतलं, म्हातारपणी बहिणीला टाकून ऊन खायला गेली म्हणून. टाकली कोणी? वृद्धाश्रमाला थोरलीनेच नकार दिला. दुकान एका तरुण बाईला चालवायला दिलं, अट एकच, डोकी थोरलीच धुणार. नव्या बाईने आल्या आल्या खुणा शिकायला घेतल्या. नर्सबाई येऊन-जाऊन असतात, वर मी आहे. थोरली उपाशी नाही, एकटी नाही, तिला काही कमी नाही. जे मला विचारतात त्यांना मी हेच सांगते, आणि धाकटीला 'जा' म्हटलं ते आजही बरोबरच वाटतं. तिची बोटं आता कपाचा कान धरतात. फोनवर मी पाहिलंय.

पण थोरलीची वाक्यं आखूड झाली. हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. आमच्याशी ती आमच्यापुरतंच बोलते. पाव, पाऊस, डॉक्टर. उरलेलं सगळं ती रविवारपर्यंत साठवून ठेवते.

रविवारी ती माझ्याकडे येते. मी फोन टेबलावर बरणीला टेकवून उभा करते. धाकटी दिसली की थोरलीचे हात असे काही सुटतात, की मला खुर्ची मागे घ्यावी लागते. गेल्या रविवारी ती वडिलांचं काहीतरी सांगत होती. वडील होते एवढं कळलं, एक घोडा होता, कोणीतरी पडलं होतं. धाकटी तिकडे उन्हात बसून आधीच हसायला लागली होती. तेवढ्यात चित्र अडकलं. धाकटीचं तोंड अर्धवट उघडं, तसंच राहिलं.

थोरलीचे हात वाक्याच्या मध्यावर हवेत थांबले. मी फोन हलवून पाहिला, उपयोग झाला नाही. मग मी खुणेने म्हटलं, तोवर मला सांग.

तिने माझ्याकडे पाहिलं. खरोखर विचार केला, कुठून सुरुवात करावी असा. मग एका हाताने माझा हात थोपटला, लहान मुलाचा थोपटावा तसा, आणि तो हात परत पहिल्या जागी हवेत नेऊन ती चित्र हलायची वाट बघत बसली.